कालवाला कालवाचीच पाठ लागते

आई सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडपावर, म्हणजे काठाच्या खडकावर, कालवं काढायला जायची तेव्हा तिच्या हातात एक छोटी लोखंडी आकडी आणि कमरेला झाकणाचा डबा असायचा. बस, एवढंच. कालव म्हणजे खडकाला चिकटून वाढणारा शिंपल्यातला जीव, इंग्रजीत ऑयस्टर. ती कालवाच्या सांध्यात आकडीचं टोक घालायची, वरचं झाकण उडवायची, आतला गर डब्यात टाकायची आणि पुढे सरकायची. खालची खोलगट वाटी खडपालाच चिकटलेली राहायची. मी लहानपणी एकदा अख्खं कालव उपटायला गेले तर हातावर चापट बसली. "वरचां झाकाण काढ, खालचां खडपाक ऱ्हवांदे. कालवाक कालवाचीच पाठ व्हयी," असं ती म्हणाली. त्या वाक्याचा अर्थ मला चाळीस वर्षांनी कळला.

आमचं घर मालवण तालुक्यात, कालावलच्या खाडीच्या एका फाट्यावर. मधल्या काळात लोक पहारी घेऊन आले. घोसच्या घोस उपटून घरी न्यायचे, उकडायचे, आणि कवचं रस्त्याच्या खड्ड्यात नाहीतर चुन्यासाठी जायची. त्यातच वाळूच्या उपशाने चिखल ढवळला गेला. खडप उघडं पडलं, त्यावर शेवाळ आलं, शेवाळावर गाळ बसला. गेली सहा वर्षं आम्ही अकरा जणी त्या फाट्यात कालवं परत आणायच्या कामात आहोत. शेती वेगळी आणि हे वेगळं, हे आधीच सांगते. शेतीत कवचांच्या माळा लावायच्या, कालवं वाढवायची, विकायची. इथे कालवांनी आपली आपण वाढत राहावं अशी जागा खाडीला परत करायची असते. शेतीची पद्धत मात्र आम्हाला खूप उपयोगी पडली, कारण कांदळवन कक्षाने आणि पुढे कांदळवन प्रतिष्ठानाने सिंधुदुर्गात बचत गटांना कालवं, शिनाणे (काळसर लांबट शिंपले) आणि कुर्ल्यांची शेती शिकवली, आणि तिच्यामागे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचा कित्येक वर्षांचा अनुभव होता.

आपलं कालव कोणतं ते आधी ओळखा

खडपावर भरतीच्या वरच्या भागात जी लहान, काठाला दुमडलेली, बोट कापणारी कालवं असतात ती सॅकोस्ट्रिया कुकुलाटा. झाकण उघडून काठाच्या आतल्या बाजूला पाहा, बारीक दाण्यांची रांग दिसेल. खाडीत आत, मचूळ पाण्यात, तळहाताएवढी लांबट वाढतात ती वेगळी. त्यांच्यातही दोन जाती आहेत. आतल्या बाजूला जिथे स्नायू चिकटलेला असतो तिथला डाग गडद जांभळा असेल तर ते पूर्वी क्रॅसोस्ट्रिया मद्रासेन्सिस म्हणत ते कालव, हल्ली त्याला मॅगालाना बायलिनियाटा म्हणतात. डाग पांढरट, मोत्यासारखा असेल तर ते ग्रायफॉइडीस. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना लावलेले पातळ, चपटे शिंपले या कुळातले नाहीत, त्यांच्या मागे लागू नका.

ही ओळख पटली की जागा निम्मी ठरते. लहान खडपी कालवाला खारं पाणी आणि दगड हवा, मोठ्याला खाडीचा मधला पट्टा. आम्ही मोठ्यावर काम केलं, म्हणून पुढचं बहुतेक त्याच्याबद्दल.

आणि एक गोष्ट कोणीही कितीही गळ घातली तरी करू नका: दुसऱ्या खाडीतलं बी, म्हणजे नुकती चिकटलेली इवली कालवं, आणू नका. परदेशी जातीचं तर नाहीच. बियाबरोबर परजीवी येतात, कवचं पोखरणारे किडे येतात, आणि एकदा आले की परत जात नाहीत. केरळात अष्टमुडी सरोवरात मूळची दक्षिण अमेरिकेतली एक काळी शिनाणी अशी पसरली की कालवांसाठी सोडलेल्या दोऱ्यांवर तीच लगडू लागली. आपल्या खाडीत वाढलेली कालवं उरली असतील तर बी त्यांच्यापासूनच मिळतं. एक मादी एका हंगामात लाखोंनी अंडी सोडते. बहुतेकदा बी कमी नसतं, बी बसायला जागा नसते.

जागा पायाने तपासायची

अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाणाची सुकती सगळ्यात खोल जाते. त्या वेळी अनवाणी चाला. पाय घोट्यापर्यंत गेला तर चालेल, त्यावर गेला तर टाकलेलं कवच पुढच्या पावसाआधी गडप होणार. वाळू सरकती असेल तरी नको. जुनी, मेलेली कालवं चिखलात बोटांना लागली तर तिथे खूण करा. जिथे पूर्वी कालवं होती तिथे पाण्याची ये-जा त्यांना मानवत होती, हे त्या मेलेल्या कवचांनीच सांगितलंय.

मग पाणी. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. मोठं कालव त्याहून बरंच कमी मीठही सोसतं, पण वर्षातले बरेच महिने १० ग्रॅमच्या वर असेल ती जागा बरी. रिफ्रॅक्टोमीटर नावाचं एक छोटं नळीसारखं यंत्र मिळतं, काचेवर पाण्याचा थेंब टाकून उजेडाकडे धरलं की आकडा दिसतो. शाळेत किंवा मत्स्य विभागाच्या ओळखीत कोणाकडे असेल तर मागून आणा. एकदा मोजून उपयोग नाही. भरतीला, सुकतीला, ऑगस्टमध्ये, मेमध्ये, असं वर्षभर मोजा.

आम्हाला सुरुवातीला वाटलं, खाडीच्या तोंडाशी पाणी खारं आणि स्वच्छ, तिथेच कालवं छान होतील. तिथे कालवं झाली आणि शंखांनी खाल्लीही. कवचाला भोक पाडून आतला जीव शोषणारे छोटे शंख असतात, त्यांना गोडसर पाणी सोसत नाही. खाडीच्या मधल्या पट्ट्यात पावसाळ्यात पाणी गोडं होतं, कालव कवच घट्ट मिटून ते दिवस काढतं आणि शंख मरतो नाहीतर तोंडाकडे सरकतो. म्हणजे पावसाचं पाणी कालवाला त्रास देतं आणि राखतंही. फार वर जाल, जिथे महिनोन् महिने गोडं पाणी असतं, तिथे मात्र कालवही मरतं.

उंचीचंही तसंच. रोजच्या सुकतीला दोन-तीन तास उघडी पडेल अशी पातळी आम्हाला सगळ्यात चांगली लाभली. कायम पाण्यात राहिलं तर गाळ, शंख आणि खेकडे. सहा-सात तास उघडं राहिलं तर मेच्या उन्हात कालव शिजतं.

जागा पसंत पडली की ती कोणाची आहे ते विचारा, कारण खाडीत मोकळी जागा नसतेच. कोणाचं जाळं लागतं, कोणाची होडी तिथून वळते, कोणी तिथे तिसऱ्या आणि खुबे काढतं. तिसऱ्यांच्या जागेवर कवच टाकलं तर एका बाईच्या पोटावर पाय देऊन दुसरीचं भलं केल्यासारखं होईल. कांदळवनाची एक फांदीही तोडायची नाही, त्याच्या श्वासमुळांवर काही ठेवायचं नाही. ग्रामपंचायत, मत्स्य विभाग आणि कांदळवन कक्ष या तिघांकडे लेखी अर्ज करा. किनारा नियमन क्षेत्रात साधा दगड टाकायलाही विचारावं लागतं. मालवणजवळ सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून, २९.१२ चौरस किलोमीटरचं. त्याच्या हद्दीत तुमची जागा येत असेल तर नियम आणखी कडक. एका कार्यालयात आमचा अर्ज आठ महिने पडून होता. त्या आठ महिन्यांत आम्ही पाणी मोजलं आणि कवचं जमवली, म्हणून वर्ष वाया गेलं नाही. तुम्हीही अर्ज आधी टाका आणि मग बाकीच्या तयारीला लागा.

कवच जमवणं आणि वाळवणं

कालवाची अळी दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगते. मग तिला डोळ्यासारखा ठिपका आणि एक इवलासा पाय फुटतो, ती चाचपत फिरते आणि एक जागा निवडून डावी शिंप तिथे कायमची चिकटवते. त्यानंतर तिला आयुष्यात हलता येत नाही. ही निवड ती दगडावर, खुंटावर, कौलावरही करते, पण कालवाच्या कवचाचा वास तिला ओढतो. आईचं म्हणणं ते हेच होतं. खडपावर राहिलेली रिकामी वाटी म्हणजे पुढच्या पिढीचा पाट.

म्हणून कवच हा या कामातला खरा माल. मालवण-तारकर्लीकडच्या खाणावळींत कालवं शिजतात, त्यांची कवचं कचऱ्यात जातात. आम्ही तीन खाणावळींना झाकणाचे डबे दिले. अट एकच, कवचावर मसाला आणि तेल नको, म्हणजे शिजवायच्या आधी उघडलेली कवचं. आमच्या भागातलीच कालवं आहेत ना, हेही विचारून घ्यायचं. घराघरांतूनही गोणी येतात. बायकांना सांगितलं, अंगणात टाकू नका, आमच्याकडे द्या.

ओलं कवच थेट खाडीत टाकायचं नाही. त्याला चिकटलेलं मांस कुजतं, आणि त्यातून रोगही जातो. न्यूयॉर्कच्या बंदरात २०१४ पासून बिलियन ऑयस्टर प्रोजेक्ट नावाचं मोठं काम चालू आहे, २०३५ पर्यंत शंभर कोटी कालवं परत आणायचा त्यांचा संकल्प आहे. ते उपाहारगृहांतून आलेली कवचं वर्षभर उघड्यावर ऊन-पावसात ठेवतात आणि मगच पाण्यात सोडतात. आपल्याकडे ऊन जास्त, तरी आम्ही एक पूर्ण उन्हाळा आणि एक पावसाळा सोडत नाही. मागच्या परड्यात गुडघाभर उंच ढीग करायचा, त्याहून उंच नको, नाहीतर आतलं वाळत नाही. पंधरा दिवसांनी फावड्याने उलटायचा. पहिले आठ दिवस वास येतो आणि कुत्री-कावळे जमतात, म्हणून वर जुनं जाळं टाका आणि विहिरीपासून लांब ठेवा. नाकाशी धरलं तर काही वास येत नाही आणि नखाने खरवडलं तर काही निघत नाही, तेव्हा कवच तयार.

कवचं कमी पडली तर जुनी कौलं घ्या. गावात घरं पाडली जातात, मंगलोरी कौलं ढिगाने पडून असतात. कौलाला आधी चुन्याच्या निवळीचा एक हात द्यायचा, वाळला की चुना आणि बारीक वाळू कालवून दुसरा. वरून बी धरतं आणि पुढे चुन्याच्या पापुद्र्यासकट अलगद सोडवता येतं. ही युक्ती कालवशेतीत फार जुनी आहे. पायासाठी जांभ्याचे तुकडे आम्हाला उत्तम वाटले. खरबरीत, सच्छिद्र, आणि इथल्याच मातीचे.

दिवस चुकला की वर्ष गेलं

पहिल्या वर्षी आम्ही गणपती गेले आणि लगेच कवचं टाकली. चौदा गोण्या. डोक्यावरून वाहून नेल्या, एकेक जणीची मान दुखून आली. पाणी अजून तांबडं होतं. महिन्याभरात त्यावर बोटभर गाळ आणि वर पांढऱ्या सुळक्यांचे बार्नॅकल, खडकाला चिकटून बसणारे छोटे कवचाचे जीव. कालवाचं बी येईपर्यंत एक बोट टेकवायला जागा उरली नव्हती. मी त्या दिवशी खडपावर बसून रडले. अळीला कवच हवं, पण स्वच्छ कवच हवं. पाण्यात गेल्यावर चार-सहा दिवसांत त्यावर एक बुळबुळीत पातळ थर येतो, तो तिला आवडतो. त्यानंतर दर आठवड्याला जागा दुसरेच कोणी बळकावतात. म्हणजे बी पाण्यात आलं असेल त्याच सुमाराला कवच खाली गेलं पाहिजे.

तो दिवस पुस्तकात सापडत नाही. पालघरच्या केळव्याला झालेल्या जुन्या अभ्यासात ग्रायफॉइडीस कालव जुलै ते सप्टेंबरात, पाणी गोडसर असतानाच अंडी सोडतं असं आढळलं होतं. केरळात अष्टमुडीला शेतकरी नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास माळा सोडतात. आपली खाडी या दोघांसारखी असेल किंवा नसेल. तिलाच विचारावं लागतं, आणि विचारायची रीत सोपी आहे.

चांगल्या स्वच्छ कवचांना मधोमध भोक पाडा. जाड खिळा आणि हातोडी पुरते, खाली ओलं गोणपाट ठेवलं की कवच फुटत नाही. सहा कवचांची एक माळ करा, प्रत्येक कवचाच्या खाली गाठ मारा म्हणजे दोन कवचांत वीतभर नाही तरी चार बोटं अंतर राहील. कवचाची आतली गुळगुळीत बाजू खाली ठेवा, तिच्यावर गाळ बसत नाही. गणपती विसर्जनापासून दर अमावास्येला आणि दर पौर्णिमेला दोन माळा पाण्यात सोडायच्या, पंधरा दिवसांनी काढायच्या, नव्या सोडायच्या. शिमग्यापर्यंत हे चालू ठेवा. काढलेली माळ गोड्या पाण्यात हलकेच बुडवून गाळ जाऊ द्या आणि भिंगाखाली पाहा. टोपीसारखा उंच, माथ्याला भोक असलेला ठिपका म्हणजे बार्नॅकल. चपटा, नखाच्या कापासारखा, कडेला पातळ आणि कवचाला एकजीव झालेला ठिपका म्हणजे कालवाचं बी. सुरुवातीला ते एक-दोन मिलिमीटरच असतं. नखाला अडतं, पण निघत नाही. प्रत्येक कवचामागे किती ते वहीत लिहा.

आमच्या वहीत आश्विनभर बार्नॅकलच आहेत. कार्तिकी पौर्णिमेला काढलेल्या माळेवर पहिल्यांदा कवचामागे आठ-दहा बिया दिसल्या. मार्गशीर्षात तीसच्या वर गेल्या, पौषात उतरल्या. पुढच्या वर्षी पाऊस लांबला तर सगळं पंधरा दिवस पुढे सरकलं. म्हणून आता आम्ही तारीख ठरवत नाही. चाचणीच्या माळेवर कवचामागे पाच बिया दिसल्या की त्याच आठवड्यात सगळी कवचं खाली. त्यासाठी माणसं, होडी, गोण्या आधीपासून तयार ठेवा. लग्नाचं बोलावणं असलं तरी त्या आठवड्यात जायचं नाही, असं आमचं ठरलंय.

मांडणी

आम्ही दोन्ही करतो, जमिनीवर वरंबा आणि मांडवाला माळा.

वरंब्याला खाली जांभ्याचे तुकडे, वर कवचं. उंची कमीत कमी गुडघ्याच्या खाली चार बोटं. बुटका ठेवलात तर दोन पावसाळ्यांत गाळात जातो. उंच टोकाशी पाणी जोरात वाहतं, गाळ टिकत नाही आणि कालवाला खायला सतत नवं पाणी मिळतं. प्रवाहाला आडवा, पण खाडी अडेल एवढा लांब नको. आमचे वरंबे सहा-सात पावलांचे आहेत, मधे दोन पावलांची वाट सोडलेली, होडीला आणि माशांना. सुटी कवचं पहिल्या उधाणात पसरतात, म्हणून ती काथ्याच्या जाळीच्या पिशव्यांत भरा. वेंगुर्ल्याकडे काथ्याचं काम चालतं, जाळी सहज मिळते. प्लास्टिकची जाळी स्वस्त पडते, पण ती फाटते आणि खाडीतच राहते. काथ्या कुजेपर्यंत कालवं एकमेकांना धरून एकसंध झालेली असतात.

मांडव म्हणजे सुरूचे खुंट रोवून त्यावर आडवे बांबू. बांबू खाऱ्या पाण्यातला किडा पोखरतो, वर्षाला बदलावाच लागतो. माळा तळाला टेकता कामा नयेत, टेकली तर खेकडा शिडी चढल्यासारखा चढतो. माळांवर बी मोकळ्या पाण्यात वाढतं म्हणून वेगाने वाढतं. केरळातल्या शेतीत सात-आठ महिन्यांत कालव ६० मिलिमीटरच्या आसपास जातं. आमच्याकडे मेपर्यंत ते अंगठ्याएवढं होतं, आणि तेवढं आम्हाला पुरतं.

पंधरा दिवसांतून एकदा सुकतीला फेरी मारायची. शंख दिसले तर हाताने वेचा, त्यांच्या पिवळट अंड्यांच्या पेट्या कवचाच्या पोटाशी चिकटलेल्या असतात, त्या आधी खरवडा. कवचावर टाचणीने टोचल्यासारखी असंख्य भोकं दिसली तर तो पोखरणारा स्पंज. अशी कवचं वेगळी काढून आठवडाभर उन्हात टाकायची. माळ गाळाने जड झाली तर पाण्यात वर-खाली हलवायची, घासायची नाही.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, मिरग लागायच्या आधी, मांडव मोडायचा. माळा कापून कालवं वरंब्याच्या वरच्या अंगाला, कवचांच्या खोबणीत ठेवायची. हे काम घाईचं असतं पण फेकायचं नाही. चपटी बाजू वर, सांधा खाली. खुंट आणि बांबू घरी. पहिला पूर येईल तेव्हा खाडीत आपलं काही तरंगतं असता कामा नये.

राखण

कालवं उभी करणं सोपं, ती पहिली तीन वर्षं कोणी नेऊ नये हे अवघड. इथे सरकारी फलक कामाचा नाही. आम्ही गावात दोन बैठका घेतल्या. पहिल्या बैठकीत मी दोन काचेच्या बरण्या नेल्या, दोन्हींत खाडीचं गढूळ पाणी. एकीत सहा जिवंत कालवं ठेवली. दोन तास बोलणं चाललं, तेवढ्यात कालवांच्या बरणीतून पलीकडची खिडकी दिसू लागली. मला फार बोलावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट बायकांना पटली ती कालवाच्या जन्माची. ही कालवं लहानपणी बहुतेक नर असतात आणि मोठी झाली की मादी होतात. आपण सगळ्यात मोठं कालव निवडून नेतो म्हणजे आया नेतो. हे सांगितल्यावर एक म्हातारी काकी बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "इतकी वर्सां कोणी सांगूक नाय गे."

ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं, म्हणजे साकडं, घातलं, राखणदार देवाला नारळ दिला आणि नियम ठरवले. वरंब्यांना हात नाही. खडपावरची कालवं चालतील, पण तीन बोटांपेक्षा लहान आणि तळहातापेक्षा मोठी सोडायची. पहार नाही. वरचं झाकण काढायचं, खालची वाटी खडपाला ठेवायची. हे नियम कागदावर असते तर मोडले असते. गाऱ्हाण्यात सांगितलेली गोष्ट आमच्याकडे लोक जपतात.

आणि ज्या फाट्यात गटाराचं पाणी येतं तिथली कालवं खायला देऊ नका. कालव पाणी गाळतं म्हणजे त्यातली घाण स्वतःत साठवतं. तिथे कालवं वाढू देत, पाणी स्वच्छ करू देत, पण ताटात नकोत.

मोजणी

वर्षातून दोनदा, मेच्या शेवटी आणि दिवाळीनंतर. बांबूच्या कामट्यांची २५ बाय २५ सेंटिमीटरची चौकट करा. वरंब्यावर डोळे मिटून दहा ठिकाणी टाका, चांगली जागा बघून टाकायची नाही. चौकटीतली जिवंत कालवं मोजा, दोन्ही शिंपा जोडलेल्या पण आत रिकामी अशी मोजा, आणि पहिली वीस कालवं पट्टीने मोजून लांबी लिहा. एका चौकटीतल्या जिवंत कालवांच्या आकड्याला १६ ने गुणलं की चौरस मीटरमागची संख्या. त्याच जागेवरून, त्याच बाजूने एक फोटो.

रिकाम्या शिंपांकडे लक्ष द्या. दोन्ही शिंपा जोडलेल्या असतील तर कालव नुकतंच मेलंय. भोक दिसलं तर शंख, कडा फोडलेली असेल तर खेकडा, काहीच खूण नसेल आणि वरच्या रांगेतलीच मेली असतील तर ऊन, खालच्या रांगेतली असतील तर गाळ. आमच्या चौथ्या वर्षी वरची रांग गेली. आम्ही पुढचा वरंबा वीतभर खाली घेतला.

आकड्यांत मोठी, मधली आणि लहान अशी तिन्ही वयं दिसायला हवीत. नुसती मोठी असतील तर बी बसत नाहीय, कवच कमी पडतंय. नुसती लहान असतील तर कोणी तरी मोठी नेतंय, म्हणजे पुन्हा बैठक घ्यायची.

गेल्या दिवाळीनंतर पहिल्या वरंब्यावर मी चौकट टाकली तेव्हा बी आमच्या कवचांवर कमी आणि तीन वर्षांपूर्वी बसलेल्या जिवंत कालवांच्या पाठीवर जास्त होतं. हे दिसलं की त्या वरंब्यावर आणखी कवच टाकायचं नाही. परड्यातल्या वाळलेल्या गोण्या उचलायच्या आणि चाळीस पावलं पुढे, नव्या जागेवर पायाने चिखल तपासायला लागायचं.